सहा महिने भारहीन राहिल्यावर शरीराचं काय होतं

प्रश्न तीन भागांत आहे. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर २८६ दिवस अंतराळ स्थानकावर राहून १८ मार्च २०२५ ला परतले, तेव्हा त्यांना यानातून स्ट्रेचरवर का नेलं? एवढ्या मुक्कामात शरीरात नेमकं काय बदलतं? आणि मंगळापर्यंतचा प्रवास माणसाला झेपेल का?

स्ट्रेचरचं आधी सांगून टाकतो. दीर्घ मुक्काम करून आलेल्या सगळ्यांनाच तसं उचलून बाहेर काढतात. पहिल्या तासाभरात तोल आणि रक्तदाब दोन्ही बेभरवशाचे असतात, आणि पातळ झालेल्या हाडांच्या माणसाला उंबरठ्यावरून पडू देणं कुणालाच परवडत नाही. २०२४ च्या शेवटी विल्यम्स यांचा चेहरा ओढलेला दिसतो म्हणून वाहिन्यांवर बरीच निदानं झाली. त्यांनी स्वतः तेव्हाच सांगितलं होतं की वजन आले तेव्हा होतं तेवढंच आहे. फोटोवरून अंतराळवीराची प्रकृती ठरवू नये, कारण तिथे चेहऱ्याचा आकार पोषणापेक्षा द्रवाच्या वाटपावर जास्त अवलंबून असतो. ते पुढे येईलच.

मुळात तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं नाही. स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं आणि त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. पण स्थानक आणि आतली माणसं एकत्रच सतत पडत असतात, त्यामुळे कुणाचाच भार कशावरच येत नाही. शरीर या नव्या परिस्थितीशी फार चोख जुळवून घेतं. जे लागत नाही ते काढून टाकतं. तिथे राहायचं असेल तर यात काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते परत भार घ्यायची वेळ येते तेव्हा, आणि अशा दोन-तीन जागी जिथे जुळवून घेण्याचा शरीराचा प्रयत्नच तोकडा पडतो. माझ्या मते स्नायू आणि हाडं यांचं कोडं आपण बऱ्यापैकी सोडवलं आहे. डोळे आणि किरणोत्सर्ग यांचं सोडवलेलं नाही. लोकांच्या काळजीचा क्रम नेमका उलटा असतो.

पहिल्या काही तासांत हलतो तो द्रव. जमिनीवर उभं असताना रक्त आणि पेशींभोवतीचं पाणी पायांकडे ओढलं जातं. ती ओढ गेली की दीड-दोन लिटर द्रव मांड्या-पोटऱ्यांतून छाती आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, मानेच्या शिरा फुगतात, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. सर्दी झाल्यासारखं वाटत राहतं, जेवणाची चव उतरते आणि तिखट सॉसला मागणी वाढते. हृदयाजवळच्या आणि मानेतल्या संवेदकांना वाटतं, शरीरात पाणी जास्त झालंय. तहान कमी होते आणि काही दिवसांत रक्तातला द्रव भाग १० ते १५ टक्क्यांनी घटतो. पुढे तांबड्या पेशींचीही छाटणी होते. २०२२ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या संशोधकांनी १४ अंतराळवीरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीवर शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी मोडतं. तिथे हा आकडा ३० लाखांवर गेला, आणि सहा महिने तसाच राहिला. एकूण रक्तच कमी असल्यामुळे तिथे असेपर्यंत हे जाणवत नाही. परत येऊन उभं राहिलं की कळतं.

याच दिवसांत ओकाऱ्या. दोन-तृतीयांशाहून अधिक जणांना पहिले दोन-तीन दिवस मळमळ असते. डोकं कुठे कललंय हे सांगणारे कानातले सूक्ष्म खडे आता काहीच सांगत नाहीत, आणि डोळे मात्र छत-जमीन शोधत असतात. मेंदूला दोन विसंगत बातम्या मिळतात. औषध म्हणून प्रोमेथाझिन दंडात किंवा मांडीत टोचतात, कारण गोळी पोटात टिकेलच असं नाही आणि आतडीही मंदावलेली असतात. स्थानकाबाहेरचं काम पहिल्या दिवसांत ठेवत नाहीत त्याचं कारणही हेच. शिरस्त्राणाच्या आत ओकारी झाली तर ती खाली पडत नाही, तोंडासमोर तरंगत राहते, आणि श्वासात गेली तर जीवावर बेतू शकतं.

आता हाडं. कसलाही व्यायाम न करता राहिलं तर खुबा, कंबरेचे मणके, टाच अशा भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा १ ते १.५ टक्के घटते. पाळी गेलेल्या बाईचं हाड साधारण एवढं वर्षभरात झिजतं. हातांच्या हाडांना फारसं काही होत नाही. हाड मोडणाऱ्या पेशी पहिल्या आठवड्यापासूनच जोमात येतात, बांधणाऱ्या पेशी मात्र पूर्वीच्याच चालीने चालतात. या तफावतीतून सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं.

या कॅल्शियमने एकदा यंत्रालाही धडा शिकवला. लघवीतून पिण्याचं पाणी परत काढणारं स्थानकावरचं यंत्र लघवीतलं ८५ टक्के पाणी वसूल करेल अशा हिशोबाने बांधलं होतं. २००९ च्या सुमारास त्याचा ऊर्ध्वपातनाचा भाग बंद पडला. उघडून तपासलं तर आत कॅल्शियम सल्फेटचा साका. लघवी टिकवण्यासाठी त्यात आधी गंधकाम्ल मिसळत. त्यातला सल्फेट आणि अंतराळवीरांच्या हाडांतून आलेलं जादा कॅल्शियम यांची जोडी जमली, आणि पाणी काढून घेत घेत उरलेला द्रव घट्ट झाला की जिप्सम, म्हणजे हेच कॅल्शियम सल्फेट, खाली बसू लागलं. जमिनीवरच्या चाचण्यांतल्या लघवीत एवढं कॅल्शियम नव्हतं, म्हणून हे आधी दिसलं नाही. काही वर्षं वसुली ७०-७५ टक्क्यांवर आणून वेळ भागवली, मग गंधकाम्लाऐवजी फॉस्फरिक आम्ल वापरायला घेतलं आणि गाडी परत ८५ वर आली.

तेच कॅल्शियम मूत्रपिंडात बसलं तर मुतखडा. स्थानकावर खड्याची कळ उठली तर मोहीम सोडून परत यावं लागू शकतं, म्हणून पाणी पिण्याबद्दल सक्ती असते. रोज दोन-अडीच लिटर लघवी झालीच पाहिजे असा हिशोब ठेवायचा. अडचण ही की तहान कमी झालेली असते आणि मूत्राशय भरल्याची जाणीवही उशिरा होते, कारण लघवी तळाशी साठून दाब देत नाही. गरज वाटली तर पोटॅशियम सायट्रेट देतात. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. जेवणातलं मीठही कमी केलं आहे. पूर्वी स्थानकाच्या जेवणात दिवसाला ५ ग्रॅमच्या वर सोडियम जात असे, ते ३ ग्रॅमच्या आसपास आणलं. सोडियम जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. ऊन मिळत नसल्यामुळे ड जीवनसत्त्वाची ८०० युनिटची गोळी रोज घ्यावी लागते.

पण खरा उपाय भार. २००८ मध्ये एरेड नावाचं वजन उचलण्याचं यंत्र वर गेलं आणि चित्र पालटलं. त्यात लोखंडी वजनं नसतात, असूनही उपयोग नव्हता. दोन निर्वात नळकांड्यांतले दट्टे ओढायचे आणि चालतं वजन हललं की जो झटका बसतो त्याची नक्कल फिरत्या चाकांनी करायची, अशी रचना आहे. भार २७२ किलोपर्यंत लावता येतो. आधीच्या यंत्रात याच्या निम्माच भार मिळे आणि त्यावर नियमाने व्यायाम करूनही माणसं हाड गमावूनच येत.

भार ठरवताना एक हिशोब नवखे हमखास चुकतात. जमिनीवर ७० किलोचा माणूस खांद्यावर ६० किलो घेऊन बैठक मारतो तेव्हा पाय फक्त ६० किलो उचलत नाहीत; नडगी आणि पाऊल सोडून उरलेलं स्वतःचं शरीरही उचलतात. वर ते शरीर फुकट असतं. त्यामुळे तेवढाच ताण हवा असेल तर यंत्रावर ६० नव्हे, ११० किलोच्या पुढे लावावे लागतात. जमिनीवरचा आकडा तसाच वर नेला तर माणूस रोज घाम गाळतो आणि खुबा तरीही झिजतो. बैठका, डेडलिफ्ट (वाकून वजन पायांजवळून कमरेपर्यंत उचलणं) आणि टाचा उचलणं हे तीन प्रकार कधीच वगळायचे नाहीत. दंड-छातीचे प्रकार हौसेचे.

ट्रेडमिलवर पळताना कमरेला आणि खांद्याला पट्टे बांधून लवचिक दोऱ्यांनी माणसाला पायाखालच्या फिरत्या पट्ट्याकडे ओढून धरतात. ओढ शरीराच्या वजनाच्या ६० ते ८० टक्के. पूर्ण १०० टक्के घेतली तर खांदे आणि खुब्याची हाडं सोलवटतात, म्हणून पहिले आठवडे कमी घेऊन चढवत न्यायची. ओढ कमी ठेवली तर पाऊल नुसतं घासत जातं, टाच आपटत नाही, आणि हाडाला हवा असतो तो आपटण्याचा धक्काच. घाम गळत नाही, अंगावर पाण्याचा जाड थर होऊन चिकटून राहतो. टॉवेलने सतत टिपला नाही तर डोळ्यांत जातो. ट्रेडमिल, एरेड, सायकल तिन्ही स्थानकाला थेट जखडलेली नाहीत. मधे कंप शोषणारी बैठक आहे, नाहीतर एका माणसाच्या पळण्याच्या तालावर स्थानकाला वीज देणारे सौर पंख डोलू लागतील. व्यायामाला दिवसाचे अडीच तास, आठवड्यातून सहा दिवस दिलेले असतात. यात यंत्र लावणं, काढणं, अंग पुसणं सगळं आलं.

औषधाची जोडही आहे. हाडं ठिसूळ झालेल्या वृद्धांना देतात तीच अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उड्डाणाच्या काही आठवडे आधीपासून सुरू करून, काही अंतराळवीरांना दिली गेली. गोळी आणि एरेड दोन्ही घेणाऱ्यांची खुब्याची घनता जवळपास राखली गेली आणि लघवीतलं कॅल्शियमही आटोक्यात राहिलं. मला स्वतःला मुतखड्याच्या दृष्टीने हा दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो.

घनता राखली म्हणजे हाड राखलं असं मात्र नाही. हाडाच्या आत बारीक तुळयांची जाळी असते. एकदा तुटलेली तुळई पुन्हा जोडली जात नाही, उरलेल्या जाड होतात. २०२२ मध्ये १७ अंतराळवीरांच्या नडगीची अतिसूक्ष्म चित्रं प्रसिद्ध झाली. परतल्यानंतर वर्षभराने त्यातल्या ९ जणांचं हाड पूर्ववत झालेलं नव्हतं, आणि सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांची भरपाई सर्वांत कमी होती. काहींची तूट वयाच्या दहा वर्षांच्या झिजेएवढी होती.

स्नायूंबद्दल थोडक्यात. पोटरीचा खोल स्नायू, मांडीचा पुढचा भाग आणि पाठीचे मणक्यालगतचे स्नायू आधी वितळतात, कारण उभं राहण्याचं काम तेच दिवसभर करत असतात. १९७० मध्ये सोयुझ ९ मधून १८ दिवसांनी परतलेल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव यांना धड चालता येत नव्हतं. त्या छोट्या यानात व्यायामाला फारच थोडा वाव होता. त्यानंतर सोव्हिएत वैद्यांनी व्यायाम सक्तीचा केला. १९९५ च्या मार्चमध्ये वॅलेरी पोल्याकोव मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहून उतरले आणि यानापासून खुर्चीपर्यंत स्वतः चालत गेले. ते स्वतः डॉक्टर होते आणि हेच दाखवून द्यायचं होतं. एका सलग मुक्कामाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही.

पाठीचं दुखणं मात्र व्यायामाने टळत नाही. मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढते, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक जणांची कंबर धरते. गुडघे छातीशी घेऊन झोपलं की आराम पडतो. सोयुझमधली प्रत्येकाची बैठक त्याच्या पाठीच्या साच्यावरून ओतलेली असते आणि डोक्याकडे वाढीव उंचीसाठी जागा सोडावी लागते. ती सोडली नाही तर उतरतानाचा धक्का थेट कण्यावर. परतल्यावर फुगलेली चकती आणि सुकलेले पाठीचे स्नायू यांच्यावर एकदम भार येतो, म्हणून चकती सरकण्याचं प्रमाण त्या वर्षात इतरांच्या कित्येक पट असतं. पुढे वाकून जड सामान उचलायला बंदी घालण्यामागे हा हिशोब आहे.

डोळ्यांचा प्रश्न तुलनेने उशिरा लक्षात आला. जवळचं वाचताना त्रास होतो असं अंतराळवीर आधीपासून सांगत, पण २०११ मध्ये सात जणांच्या तपासण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या तेव्हा कळलं की डोळ्याच्या मागची बाजू चपटी होतेय, पडद्यामागच्या थरावर वळ्या पडताहेत आणि डोळ्याची नस जिथून आत येते तिथे सूज आहे. डोळा मागून चपटा झाला की त्याची लांबी कमी होते आणि जवळचं धूसर दिसतं. म्हणून चाळिशीपुढच्या अंतराळवीरांबरोबर अंदाजाने दोन-तीन वाढीव नंबरचे चष्मे आधीच देऊन ठेवतात. वर डोळ्याच्या पडद्याचं थरवार चित्रण करणारं यंत्र आहे, सोनोग्राफी आहे. सूज मोजता येते, घालवता येत नाही.

कारण काय? डोक्यातला दाब तिथे फार वाढतो असं आधी वाटायचं. मोजमापं सांगतात की तो जमिनीवर आडवं पडल्यावर असतो त्याहून जास्त नाही. फरक असा की जमिनीवर आपण दिवसाचे सोळा तास उभे-बसलेले असतो आणि तेवढा वेळ मेंदूला, डोळ्यांना मोकळीक मिळते. तिथे ती कधीच मिळत नाही. रशियन पद्धतीची चिबिस नावाची विजार आहे, कमरेखाली हवा शोषून रक्त पायांकडे ओढणारी. मांड्यांना बांधायचे पट्टेही आहेत. दोन्हींनी तेवढा वेळ द्रव खाली येतो, पण माणूस दिवसभर व्हॅक्यूमच्या विजारीत बसून काम करू शकत नाही. परतल्यावर सूज उतरते. चपटेपणा काहींच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं राहतो.

द्रव वर सरकल्याचा आणखी एक परिणाम असा की मानेतल्या मोठ्या शिरेतून रक्त मंदावतं. २०१९ मध्ये ११ जणांच्या तपासणीत सहा जणांच्या डाव्या शिरेत रक्त थबकलेलं किंवा उलटं वाहताना दिसलं, आणि एकाच्या शिरेत चक्क गुठळी. ते प्रकरण पुढच्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर आलं, आणि अंतराळातलं वैद्यक कसं चालतं हे त्यात नीट दिसतं. मोहिमेला दोन महिने होत आले होते. अंतराळवीराला काहीच त्रास नव्हता. एका संशोधनासाठी स्वतःच्या मानेची सोनोग्राफी करताना जमिनीवरच्या तज्ज्ञांना ती दिसली. स्थानकावरच्या औषधपेटीत रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिनच्या २० कुप्या होत्या, आणि सिरिंज मोजक्या. मात्रा किलोमागे दीड मिलिग्रॅमवर सुरू केली. महिन्याभराने ती एक मिलिग्रॅमवर आणली, म्हणजे मालवाहू यान येईपर्यंत साठा पुरेल. कुपीतून औषध ओढणंही सोपं नव्हतं, कारण द्रव तळाशी बसत नाही, काचेला चिकटून राहतो आणि सिरिंजमध्ये हवा येते. रक्तस्राव झाला असता तर औषधाचा असर उलटवणारं काहीही जवळ नव्हतं. दीड महिन्याने त्याच कामाच्या अपिक्साबानच्या गोळ्या पोहोचल्या. उतरण्याच्या चार दिवस आधी त्या थांबवल्या, कारण उतरताना मार लागला तर रक्त थांबायला हवं. ९० दिवस उपचार होऊनही शिरेतलं रक्त आपणहून वाहत नव्हतं. जमिनीवर आल्यावर मात्र लगेच वाहू लागलं आणि दहा दिवसांत गुठळी गेली. औषधाने न झालेलं काम शेवटी गुरुत्वाकर्षणाने केलं.

किरणोत्सर्गाबद्दल आकड्यांनीच बोललेलं बरं. जमिनीवर निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं माप) मिळतात. स्थानकावर सहा महिन्यांत ८० ते १६०. स्थानक अजून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडोशाला आहे. त्यापलीकडे तेही नाही. २०११-१२ मध्ये मंगळाकडे जाताना क्युरिऑसिटी गाडीवरच्या उपकरणाने प्रवासात दिवसाला सुमारे १.८ आणि मंगळावर उतरल्यावर दिवसाला सुमारे ०.६४ मिलिसिव्हर्ट मोजले. सहा महिने जायला, सहा यायला आणि पाचशे दिवस मुक्काम असा हिशोब धरला तर बेरीज १,००० च्या आसपास जाते. नासाची अख्ख्या कारकिर्दीची मर्यादा ६०० आहे. म्हणजे मंगळाची एक फेरी आजच्या नियमात बसतच नाही.

जाड भिंत बांधा, हे उत्तर इथे अर्धवट आहे. सूर्यावरच्या वादळातले प्रोटॉन पाण्याने, पॉलिथिलीनने, अगदी सामानाच्या पिशव्या भोवती रचूनही बरेचसे अडतात. नासाच्या चंद्राकडे जाणाऱ्या ओरायन यानात वादळाच्या वेळी तसाच आडोसा करायची योजना आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये असं जबर वादळ आलं, अपोलो १६ आणि १७ यांच्या मधल्या महिन्यांत. तेव्हा कुणी चंद्रावर असतं तर आजारी पडलं असतं. पण आकाशगंगेतून येणारे जड, प्रचंड वेगाचे अणुकेंद्रकांचे कण वेगळे. ॲल्युमिनियमची भिंत थोडी जाड केली तर ते तिच्यात फुटून उलट कणांचा फवारा आत येतो. हायड्रोजन जास्त असलेला पदार्थ बरा, पण पुरेशी जाडी ठेवायची तर यानाचं वजन आवाक्याबाहेर जातं. लवकर पोहोचणं हाच आज दिसणारा सगळ्यात चांगला आडोसा.

बाकीच्या गोष्टी झटपट. प्रतिकारशक्ती विस्कळीत होते. लहानपणच्या कांजिण्यांचे आणि इतर दबून बसलेले विषाणू लाळेत परत दिसू लागतात, निम्म्याहून अधिक जणांच्या. प्रत्यक्ष नागीण मात्र क्वचित उठते. स्थानकावरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जमिनीच्या दहापटीच्या घरात असतो, आणि गरम हवा वर जात नसल्यामुळे पंखा नसेल तिथे झोपलेल्याच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचून डोकं धरतं. झोपायच्या कप्प्यात पंख्याची दिशा तपासणं हे तिथलं रोजचं काम. दिवसाला सोळा सूर्योदय, त्यामुळे झोप सरासरी सहाच तास. झोपेच्या गोळ्या खूप वापरल्या जातात. तळपायाचे घट्टे सोलून निघतात आणि पावलाच्या वरच्या बाजूला नवे येतात, कारण कठड्यात पाय अडकवूनच काम करायचं असतं.

जुळ्यांच्या अभ्यासाबद्दल हमखास विचारलं जातं. स्कॉट केली ३४० दिवस वर होते, जुळे भाऊ मार्क जमिनीवर. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्याआधीच्या वर्षी ‘सात टक्के डीएनए बदलला’ अशी बातमी फिरली, ती चूक. सात टक्के जनुकांच्या कामाची पातळी सहा महिन्यांनंतरही पूर्वपदावर आली नव्हती, एवढंच. जनुकं तीच होती. गुणसूत्रांची टोकं वर असताना लांबली आणि उतरल्यावर झपाट्याने आखडली, हे खरं. पण एका माणसावरून नियम बांधता येत नाही.

परतीची तयारी उतरण्याच्या काही तास आधी सुरू होते. घटलेलं रक्त भरून काढण्यासाठी किलोमागे साधारण १५ मिलिलिटर पाणी मिठाच्या गोळ्यांसह प्यायचं. ७० किलोच्या माणसाला लिटरभर. नुसतं पाणी प्यायलं तर ते लघवीवाटे निघून जातं, आणि उतरणं एका फेरीने लांबलं तर सगळं परत प्यावं लागतं. त्यावर पोटऱ्या, मांड्या, पोट आवळणारा पोशाख. सोयुझमध्ये उतरताना चार-पाच पट भार येतो. एप्रिल २००८ मध्ये यान ठरलेल्या वाटेऐवजी तीव्र उतारावरून आलं तेव्हा आठ पटींवर गेला. पाठीवर झोपलेल्या स्थितीत भार छातीवरून पाठीकडे येतो, डोक्यातलं रक्त पायांकडे जात नाही, म्हणून तो सोसतो.

उतरल्यावर पहिले दोन दिवस मान वळवली तरी खोली फिरते. वस्तूंचं वजन मेंदू विसरलेला असतो. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जुलैत अवघ्या १८ दिवसांच्या स्थानकवासानंतर परतले, तेव्हा त्यांनी लॅपटॉप मिटून तो तरंगेल अशा हिशोबाने पलंगाशेजारी हवेत सोडून दिला होता. खाली गालिचा होता म्हणून वाचला. सहा महिन्यांवाल्यांसाठी ४५ दिवस, रोज दोन तास असा पुनर्वसनाचा कार्यक्रम असतो: आधी तोल आणि चालणं, मग उड्या, शेवटी वजनं. तोल आणि रक्तदाब आठवड्याभरात, स्नायू एक-दोन महिन्यांत, रक्त काही महिन्यांत जागेवर येतं. हाडाला वर्षं लागतात. गाडी चालवायची परवानगी काही आठवड्यांनी, तोल तपासूनच.

मंगळाचं म्हणाल तर आत्ता हाताशी असलेलं यश एरेडसारख्या अवजड यंत्रावर उभं आहे, आणि ते छोट्या यानात मावत नाही. ओरायनसाठी केलेलं चाकाचं यंत्र १४ किलोच्या आसपास, प्रवासी बॅगेएवढं आहे. चंद्राच्या फेरीला ठीक, पण त्याच्यावर तीन वर्षं हाडं राखता येतील असं अजून कुणी दाखवलेलं नाही. यंत्र मोडलं तर सुटा भाग पाठवता येत नाही. औषधांचीही तीच गत: स्थानकावरच्या औषधपेटीतल्या अर्ध्याहून अधिक औषधांची मुदत तीन वर्षांच्या आत संपते. गुठळीच्या प्रकरणात मालवाहू यान आलं, तिथे येणार नाही.

यान फिरवून कृत्रिम भार निर्माण करणं हा एकच उपाय हाडं, स्नायू, डोळे, रक्त सगळ्यांवर एकदम लागू पडू शकतो. मिनिटाला दोन फेऱ्या माणसाला चक्कर न येता सोसतात. त्या वेगाने पृथ्वीएवढा भार हवा असेल तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. चार फेऱ्यांना ५६ मीटर पुरतात, पण मग मान वळवली की मळमळ. मंगळाएवढा ०.३८ भार पुरेसा मानला तर दोन फेऱ्यांत ८५ मीटरवर भागेल.

तो पुरेसा आहे का, हाच अडलेला मुद्दा. शून्य आणि पूर्ण भार यांच्या मधल्या पट्ट्यात माणूस जास्तीत जास्त राहिला तो अपोलो १७ च्या वेळी, चंद्रावर सुमारे ७५ तास. तेवढ्या वेळात हाडाबद्दल काहीच कळत नाही. चंद्रावर माणसं काही महिने राहतील आणि त्यांच्या नडगीची चित्रं निघतील, तोवर मंगळयानाच्या आराखड्यातून व्यायामाची जागा आणि दिवसाचे अडीच तास कुणी कापू नयेत. उतरल्यावरही पहिले काही दिवस यानाबाहेरचं कोणतंही काम वेळापत्रकात धरू नये.